टेनिससाठी शाळा सोडावी का? अमेरिकेतील कॉलेजप्रवेश: खेळ आणि अभ्यास

प्राजक्ता_एनजे

आमची मुलगी सध्या आठवीत असून ती टेनिस गांभीर्याने खेळते. न्यू जर्सीत तिच्या वयोगटातील पहिल्या फळीच्या मुलींमध्ये तिचे नाव घेतले जाते. देशपातळीवरील क्रमवारीत मात्र ती अजून बरीच खाली आहे. अभ्यासात ती चांगली आहे आणि गणित तिला मनापासून आवडते. ती ज्या अकादमीत सराव करते तेथील प्रशिक्षकांनी आम्हाला असे सुचवले आहे की, नववीपासून तिला नेहमीच्या शाळेतून काढून ऑनलाइन शाळेत घालावे, म्हणजे दिवसा सराव करता येईल आणि दूरच्या स्पर्धांसाठी शाळा बुडवावी लागणार नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: भारतीय घरांतील मुलांना उत्तम गुण असतातच, त्यामुळे केवळ गुणांवर कोणी उठून दिसत नाही, नामांकित कॉलेजांत शिरायचे असेल तर खेळ हाच रस्ता आहे.

माझ्या यजमानांना हा युक्तिवाद बराचसा पटला आहे. मी महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेली असल्यामुळे नववीतल्या मुलीची शाळा सोडण्याच्या कल्पनेनेच मला धास्ती वाटते. पण माझी धास्ती हा काही पुरावा नव्हे, हेही मला कळते. ‘मुलीला खेळाचा आनंद घेऊ द्या’ असा सल्ला कृपया देऊ नये, कारण ती खेळणारच आहे. प्रश्न एवढाच आहे की, कॉलेजप्रवेशाचा मार्ग म्हणून खेळावर किती भिस्त ठेवावी आणि त्यासाठी अभ्यासातले काय पणाला लावावे. ज्यांची मुले या प्रक्रियेतून गेली आहेत त्यांनी जरूर लिहावे.

आकडेमोड

तुमच्या प्रशिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नेमके किती आहे हे प्रवेशात वंशाचा विचार केल्याबद्दल हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यामुळे जगजाहीर झाले आहे. २०१४ साली दाखल झालेल्या आणि २०१८ साली बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी झालेल्या त्या खटल्यात विद्यापीठाला आपली अंतर्गत प्रवेशनोंद न्यायालयापुढे ठेवावी लागली. त्या नोंदींच्या विश्लेषणातून असे दिसले की, प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता, तर ज्यांच्यामागे खेळ, माजी विद्यार्थी पालक, देणगी किंवा प्राध्यापक पालक यांपैकी काहीच नव्हते, अशांचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. हार्वर्ड अर्जदाराच्या अभ्यासाला श्रेणी देते आणि त्यात १ ही सर्वोत्तम असते. ४ ही श्रेणी मिळालेल्या सामान्य अर्जदाराला प्रवेश मिळण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती, आणि तीच श्रेणी असलेल्या निवडलेल्या खेळाडूला ती सुमारे ७० टक्के होती. हा फरक पाहिल्यावर कोणाही आईबापांचे डोळे विस्फारतील.

परंतु ८६ टक्के हा आकडा ज्या गटाचा आहे तो गट नीट पाहावा. ही सर्व मुले अर्ज करण्यापूर्वीच प्रशिक्षकांच्या यादीत गेलेली होती. गाळणी त्याआधीच लागून गेलेली होती, आणि तिच्यात किती मुले अडकली याची नोंद कोणत्याही न्यायालयापुढे आलेली नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या खेळांत दरवर्षी ८० लाखांच्या वर सहभाग नोंदवला जातो. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची संघटना स्वतःच सांगते की, शाळेत खेळणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के मुलांना कॉलेजात खेळाची काही ना काही शिष्यवृत्ती मिळते. ‘काही ना काही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यात पूर्ण शुल्क माफ झालेले खेळाडू आणि पुस्तकांपुरते पैसे मिळालेले खेळाडू एकाच रांगेत बसतात.

आणखी एक गोष्ट. शाळेच्या संघात खेळणे, तालुक्या-जिल्ह्यासारख्या पातळीवर चषक मिळवणे, संघाचे कर्णधारपद भूषवणे, या सगळ्याची किंमत प्रवेश कार्यालयाच्या लेखी वादविवाद मंडळाच्या अध्यक्षपदाइतकीच असते. चांगली गोष्ट आहे, अर्जात लिहावी, पण तिच्यामुळे दार उघडत नाही. खेळाचा खरा लाभ फक्त प्रशिक्षकाने आपले नाव कार्यालयाकडे पाठवले तरच मिळतो. अधलीमधली अवस्था जवळजवळ नाहीच.

तलावकाठी

आमच्या मोठ्या मुलाने पोहण्याच्या मार्गाने प्रवेश घेतला आहे, त्यामुळे प्रक्रिया जवळून पाहिली आहे. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. टेनिसचे तपशील वेगळे असतील, पण सांगाडा तोच आहे.

डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांतील सर्वांत वरचा गट, यातील बहुतेक खेळांत प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून खेळाडूशी थेट संपर्क साधू शकतात. त्याआधी आपण कितीही पत्रे पाठवली तरी ते स्वतः निवडीविषयी बोलू शकत नाहीत. मात्र ते निकाल पाहत असतात. पोहण्यात हे सोपे जाते, कारण सेकंद खोटे बोलत नाहीत आणि प्रत्येक स्पर्धेची वेळ सर्वांना संगणकावर दिसते. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात खरी परीक्षा होते. ज्या प्रशिक्षकाला मूल हवे असते तो त्याची गुणपत्रिका, एसएटी या प्रवेशचाचणीचे गुण आणि बारावीत घेणार असलेल्या विषयांची यादी प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो. याला प्री-रीड म्हणतात. तेथून हिरवा कंदील आला तरच प्रशिक्षक आपले वजन खर्च करतो, आणि ते वजन मर्यादित असल्यामुळे ज्याच्या अभ्यासाविषयी शंका आहे अशा मुलावर तो ते सहसा वाया घालवत नाही. आयव्ही लीगमधील (हार्वर्ड, येल अशा आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातील) कॉलेजे त्यानंतर १ ऑक्टोबरपासून ‘लाइकली लेटर’ पाठवू शकतात, म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचे पत्र.

आमच्या मुलाबरोबर त्याच क्लबात पोहणारा, त्याच्याहून वेगवान असलेला एक मुलगा होता. दोन ठिकाणच्या प्रशिक्षकांना तो हवा होता आणि दोन्ही ठिकाणी तो प्री-रीडमध्ये अडला, कारण दहावीत त्याने स्पर्धांसाठी विषय हलके करून घेतले होते. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण तुमच्यापुढे जो प्रस्ताव आहे तो नेमका हाच आहे.

आयव्ही लीगचे आणखी दोन नियम लक्षात ठेवावेत. १९५४ च्या करारापासून ही आठ विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती केवळ कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवरून. आणि खेळाडूंचा शालेय गुणांवर व चाचणीवर आधारलेला एक शैक्षणिक निर्देशांक काढला जातो, जेणेकरून संघाची सरासरी एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून फार खाली जाऊ नये. त्यामुळे संघात एखादा अत्यंत वेगवान पण अभ्यासात बेताचा खेळाडू घ्यायचा असेल, तर प्रशिक्षकाला अभ्यासात तगडी असलेली इतर मुले हवीच असतात. आमच्या मुलाचा नंबर लागण्यात त्याच्या गणिताचा वाटा मोठा होता, असे आम्हाला आजही वाटते.

कोरडा_विनोद

सर्वप्रथम आपल्या लोकांनी एवढे तरी तपासावे की, आपले मूल जो खेळ खेळते तो कॉलेजच्या यादीत आहे का. आमच्या भागात निम्मी मराठी मुले बॅडमिंटन खेळतात आणि उरलेली क्रिकेट. हे दोन्ही खेळ एनसीएएच्या यादीत नाहीत. राज्य पातळीवरच्या बॅडमिंटन प्रशिक्षणावर वर्षाला काही हजार डॉलर खर्च करून ‘कॉलेजला उपयोग होईल’ असे म्हणणारे पालक मी दर शनिवारी पाहतो. व्यायाम उत्तम होतो, यात शंका नाही.

प्राजक्ताचे_यजमान

या धाग्यात माझा उल्लेख आला असल्यामुळे बाजू मांडण्याची परवानगी घेतो.

अभ्यास म्हणजे खात्रीचा रस्ता आणि खेळ म्हणजे जुगार, अशी जी मांडणी आपल्याकडे गृहीत धरली जाते तिला माझा आक्षेप आहे. आमच्या गावातील शाळेत गणिताच्या प्रगत वर्गात बसणारी मुले डझनांनी आहेत. ती सारी उन्हाळ्यात संशोधनाचे प्रकल्प करतात, सारी ऑलिम्पियाडच्या परीक्षा देतात आणि जवळजवळ साऱ्यांना उत्कृष्ट गुण मिळतात. अमेरिकेच्या गणित ऑलिम्पियाडपर्यंत दरवर्षी देशभरातून काहीशे मुलेच पोहोचतात. मग त्या रस्त्याची गाळणी टेनिसच्या गाळणीपेक्षा ढिली आहे, असे कशावरून म्हणायचे? अभ्यासात ‘फार चांगले’ असणे आणि खेळात ‘फार चांगले’ असणे या दोन्ही अवस्था प्रवेशाच्या दृष्टीने सारख्याच अपुऱ्या असतील, तर मुलीचा कल जिकडे आहे तिकडे जोर लावण्यात गैर काय?

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. हार्वर्डच्या त्याच नोंदींत असे दिसले होते की, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मुले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित मुले किंवा प्राध्यापकांची मुले या गटांतली होती; आशियाई वंशाच्या मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे जो दरवाजा इतरांनी वर्षानुवर्षे वापरला, तो आपण केवळ अपरिचित असल्यामुळे टाळत आलो. २९ जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, परंतु खेळाडूंच्या निवडीला धक्का लावला नाही. नियम असेच राहणार असतील तर ते समजून घेऊन वापरावेत, असे माझे मत आहे. आमच्या घरी या विषयावर मतभेद असले तरी संवाद सौहार्दाचा आहे, हेही नमूद करतो.

आकडेमोड

यजमानांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे. केवळ गुणांवर अतिनामांकित कॉलेज मिळत नाही, हे खरेच आहे. पण दोन रस्त्यांत एक मोठा फरक आहे: रस्ता अर्ध्यावर संपला तर हातात काय उरते? ऑलिम्पियाडपर्यंत न पोहोचलेल्या मुलीचे गणित रटगर्समध्ये, पर्ड्यूमध्ये किंवा गुणांवर शुल्कमाफी देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या राज्य विद्यापीठात जसेच्या तसे कामी येते. देशात ३०० व्या क्रमांकावर थांबलेले टेनिस मात्र, अभ्यास मागे पडलेला असल्यास, प्रवेशाच्या बाजारात फारसे चालत नाही.

आता टेनिसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या खेळाची स्थिती इतर खेळांपेक्षा बिकट आहे. पोहण्यात किंवा धावण्यात तुमच्या मुलाची स्पर्धा मुख्यतः अमेरिकेतील मुलांशी असते. टेनिसमध्ये ती साऱ्या जगाशी असते. डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत परदेशी खेळाडूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे, आणि ते स्पेन, झेकिया, अर्जेंटिना, जपान अशा ठिकाणांहून येतात. त्यांतील अनेक जण व्यावसायिक स्पर्धांत क्रमवारीचे गुण मिळवून मग कॉलेजकडे वळलेले असतात. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएएचा एकेरीचा विजेता होता. तुमच्या मुलीला जागा मिळवायची आहे ती या दर्जाच्या खेळाडूंच्या रांगेतून. प्रशिक्षक यूटीआर हे जागतिक मानांकन पाहतात, आणि न्यू जर्सीतील वयोगटाचा क्रमांक त्यांना फारसे काही सांगत नाही.

यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या (महाविद्यालयीन खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्याच्या) तडजोडीची भर पडली आहे. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या आणि मुलांच्या संघाला साडेचार, त्याही वाटून, अशी मर्यादा होती. आता तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिलेली नाही, पण संघाच्या संख्येला मर्यादा आली आहे, आणि टेनिससाठी ती दहा खेळाडूंची आहे. याच तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. तो पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. छोट्या खेळांच्या अंदाजपत्रकाला कात्री लागण्याची भीती त्यामुळे खरी आहे. आयव्ही लीग या तडजोडीत सामील झालेली नाही.

चौथा_सीड

मी स्वतः शाळेत टेनिस खेळलो आणि न्यू इंग्लंडमधील एका डिव्हिजन थ्री कॉलेजात त्याच्या आधारावर प्रवेश घेतला, म्हणून काका-काकूंच्या या चर्चेत लिहीत आहे.

सगळे जण हार्वर्डविषयी बोलतात, पण टेनिस खेळणाऱ्या आणि अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांसाठी खरी संधी डिव्हिजन थ्रीमध्ये आहे, असे मला वाटते. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन, मिडलबरी ही छोटी पण अत्यंत दर्जेदार कॉलेजे याच गटात येतात. शिकागो, जॉन्स हॉपकिन्स आणि एमआयटी यांचे टेनिसही याच गटात आहे. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण प्रशिक्षकाच्या शब्दाला प्रवेशात वजन असते. अपवाद एमआयटीसारख्या ठिकाणांचा, जेथे प्रशिक्षक शिफारस करू शकतो, मात्र त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा नसतात. अभ्यासाची अट सर्वत्र कडक आहे. माझ्या वेळी प्रशिक्षकांनी पहिल्याच फोनवर यूटीआर विचारला आणि दुसरा प्रश्न कॅल्क्युलस कोणत्या वर्षी घेणार, हा होता.

शिष्यवृत्ती नसण्याचा मला फायदाच झाला. दुसऱ्या वर्षी मनगटाला दुखापत झाली आणि मी संघ सोडला. मला मिळणारी मदत घरच्या उत्पन्नावर ठरलेली असल्यामुळे तिच्यात एक डॉलरही कमी झाला नाही आणि पदवी वेळेवर पूर्ण झाली. जे मित्र खेळाच्या शिष्यवृत्तीवर डिव्हिजन वनमध्ये गेले, त्यांतल्या काहींना दुखण्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या शुल्काची चिंता अधिक होती.

ऑनलाइन शाळेविषयी माझे मत विचाराल तर, दुपारी अडीचला शाळा सुटल्यावरही मला संध्याकाळपर्यंत पुरेसा सराव मिळत असे. माझ्याबरोबर खेळणाऱ्या ज्या मुलांनी शाळा सोडली, त्यांतली जी खरोखर वर गेली ती शाळा सोडण्याआधीच वर होती.

खडकवासला

आमचा अमेरिकेशी संबंध भाच्यांपुरता, तरी वाचताना गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असते, आणि त्यामागोमाग बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही असतात. ज्या खेळाचे मैदान आयुष्यात पाहिले नाही त्या खेळाचे प्रमाणपत्र दाखवून नोकरी मिळवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आलेल्याच आहेत. अमेरिकेत असे काही होत नसावे, असा आमचा समज २०१९ पर्यंत होता.

त्या वर्षी मार्चमध्ये उघडकीला आलेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना खोटे खेळाडू म्हणून कॉलेजात घुसवत होता. येलच्या मुलींच्या सॉकर संघाचा प्रशिक्षक, स्टॅनफर्डचा नौकानयन प्रशिक्षक असे लोक त्यात सापडले, आणि कधी वल्हे हातात न धरलेल्या मुलींची वल्हवणाऱ्या खेळाडू म्हणून निवड झाली. सिंगरला २०२३ साली साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मला यातून एवढेच दिसते की, ज्या दारावर प्रवेश कार्यालयाची नजर सर्वांत कमी होती त्याच दाराची चोरांनी निवड केली. पैसेवाल्यांचे म्हणाल तर, २०२३ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारखेच एसएटी गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले अतिनामांकित कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात जातात, असे आढळले आणि त्याच्या तीन कारणांत खेळाडूंची निवड हे एक होते. घोडेस्वारी, नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश हे खेळ कोणाच्या अंगणात खेळले जातात, हे वेगळे सांगायला नको.

भारतातही आता एक निराळा प्रयोग सुरू झाला आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांव्यतिरिक्त, जागा ठेवल्या असून त्यांतील एक मुलींसाठी आहे. पण त्यासाठीही जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावेच लागते. अभ्यासाची पायरी टाळून वर जाण्याची सोय तेथेही नाही.

तलावकाठी

खडकवासला यांनी पैशांचा विषय काढला आहे, म्हणून त्यावर थोडे. क्लबाची फी, विमानप्रवास, हॉटेले, फिजिओथेरपी आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धा यांवर दहा वर्षांत जेवढा खर्च होतो, तेवढी रक्कम बाजूला टाकली असती तर बहुतेक कुटुंबांत राज्य विद्यापीठाचे शुल्क त्यातून भागले असते. खेळाची शिष्यवृत्ती ही गुंतवणुकीची परतफेड आहे, असे समजून जे पालक या वाटेला लागतात त्यांचा हिशेब क्वचितच जुळतो. दुसरीकडे, एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०२५ च्या शरद ऋतूपासून वार्षिक दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकवणी शुल्क माफ केले आहे, नेहमीच्या मालमत्तेच्या अटींसह. तेथे प्रवेश मिळाला तर पैशासाठी खेळाची गरजच उरत नाही.

खेळ बंद पडण्याचाही विचार करावा. जुलै २०२० मध्ये स्टॅनफर्डने आपल्या ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते. पुढच्या मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला, पण त्या दहा महिन्यांत तलवारबाजी, स्क्वॉश आणि नौकानयनाच्या मुलांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. स्टॅनफर्डसारख्या गडगंज संस्थेत हे घडू शकते. प्रशिक्षक नोकरी बदलतात, आणि त्यांनी तोंडी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे कॉलेज निवडताना आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारला होता: उद्या पोहणे सुटले तर तू येथे चार वर्षे राहशील का?

मेघना_ह्यूस्टन

आतापर्यंत कोणी लिहिलेला नाही असा एक तांत्रिक मुद्दा मांडते, कारण ऑनलाइन शाळेच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे.

डिव्हिजन वनमध्ये खेळायचे असेल तर एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते आणि माध्यमिक शाळेत १६ मुख्य विषय पूर्ण करावे लागतात. त्यांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी संपले पाहिजेत, आणि त्या दहांतील सात इंग्रजी, गणित व विज्ञान यांतले असले पाहिजेत. मुख्य विषयांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. ती तुमच्या मुलीला अडचणीची नाही. खरी अडचण अशी आहे की, प्रत्येक ऑनलाइन शाळेचा प्रत्येक विषय मान्य होतोच असे नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित संवाद असणे आणि अभ्यासक्रमाला ठरावीक कालावधी असणे ही अट आहे. जे विषय मूल आपल्या गतीने, शिक्षकाशी न बोलता, चाचण्या देऊन संपवते ते बहुधा अमान्य होतात. अकादम्या ज्या शाळा सुचवतात त्यांचे अकादमीशी आर्थिक संबंधही असू शकतात, म्हणून स्वतः तपासावे. शाळेचे नाव आणि मान्य विषयांची यादी पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

प्रवेश कार्यालयाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न आहे. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये प्रमाणित चाचणी पुन्हा सक्तीची केली. शाळा अपरिचित असेल तर चाचणीच्या गुणांवरचा भार आणखी वाढतो. तुमच्या मुलीच्या सध्याच्या शाळेला प्रवेश कार्यालये वर्षानुवर्षे ओळखतात, तेथील ‘ए’चा अर्थ त्यांना कळतो, आणि समुपदेशक तिच्याविषयी चार ओळी लिहू शकतो. हे भांडवल सोडताना त्याच्या बदल्यात काय मिळते, ते अकादमीकडून लेखी मागावे: त्यांच्या ऑनलाइन शाळेतून गेल्या पाच वर्षांत किती मुले कोणत्या कॉलेजात गेली, आणि त्या मुलांचा आठवीतला यूटीआर किती होता.

प्राजक्ता_एनजे

सर्वांचे आभार. आम्ही दोघांनी हा धागा एकत्र बसून वाचला.

मेघनाताईंनी सुचवलेली माहिती अकादमीकडे लेखी मागितली. कॉलेजांची नावे असलेले एक रंगीत पत्रक आले. त्यात वर्षे नव्हती आणि यूटीआरही नव्हता. पुन्हा विचारल्यावर ‘प्रत्येक मुलाचा प्रवास वेगळा असतो’ असे उत्तर मिळाले. पात्रता केंद्राच्या यादीत त्या ऑनलाइन शाळेचे इंग्रजी आणि इतिहास मान्य आहेत. नववीचा भूमितीचा विषय मात्र यादीत दिसत नाही.

निदान नववी तरी नेहमीच्या शाळेतच करायची, यावर यजमानही आता राजी आहेत; त्यांची अट एवढीच आहे की, या उन्हाळ्यात मुलीला राज्याबाहेरच्या खुल्या स्पर्धांत उतरवावे, म्हणजे तिचा यूटीआर नेमका कोठे आहे हे कळेल. ही अट मला मान्य आहे. चौथा_सीड, डिव्हिजन थ्रीच्या प्रशिक्षकांना पहिले पत्र कधी पाठवावे आणि त्यात सामन्याचे चित्रीकरण जोडावे का, हे कृपया सांगावे. पत्र मुलीनेच लिहायचे असते, एवढे कळले आहे. यजमानांनी त्याचा मसुदा आधीच तयार करून ठेवला आहे, तो मी बाजूला ठेवला आहे.

चौथा_सीड

काकू, दहावीच्या सुरुवातीला पाठवले तरी चालेल. चित्रीकरण पाच मिनिटांचे असावे, त्यात संगीत घालू नये, आणि जिंकलेल्या गुणांबरोबर सलग दोन पूर्ण गेमही ठेवावेत, कारण दोन गुणांच्या मध्ये खेळाडू कसा वागतो हे त्यांना पाहायचे असते. पत्रात यूटीआर, सरासरी गुण आणि सध्याचा गणिताचा वर्ग पहिल्या तीन ओळींत यायला हवा. काकांचा मसुदा किती लांब आहे?

प्राजक्ताचे_यजमान

दोन पाने. त्यातले दीड पान गाळतो.